मास्तर मुद्दाम हरत नसत

मी टेनिस खेळायचे असं सांगितलं की आमच्या घरात सगळे हसतात. सून तर तोंडावर ओढणी धरून हसते. हसू दे बापडी. मला छान बॅकहँड यायचा. म्हणजे बोईसरमध्ये यायचा. बोईसरच्या बाहेर तो एकदाही आला नाही, आणि त्याचं कारण मास्तर.

सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, स्वतःही शाळा बेताचीच शिकले होते. आमच्या ह्यांची कंपनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि आम्ही राहायला बोईसरच्या कॉलनीत. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. त्यावेळच्या जनरल मॅनेजरसाहेबांना टेनिसचं भारी वेड. त्यांनी क्लबामागच्या पडीक जागेत मुरुमाचं कोर्ट करून घेतलं आणि मुंबईहून हा माणूस शोधून आणला. पण कंपनीत टेनिस शिकवणाऱ्याची जागाच मंजूर नव्हती, म्हणून हजेरीपटावर मास्तरांना माळी म्हणून दाखवलं. आता झालं काय, मास्तर पडले इमानी. रोज सकाळी कोर्टावर यायच्या आधी ते क्लबाच्या दारातल्या एका जास्वंदीला बादलीभर पाणी घालत. एकाच जास्वंदीला. बाकीची झाडं खऱ्या माळ्याची. पावसाळ्यातसुद्धा घालत. मी म्हटलं, "अहो मास्तर, वरून धो धो कोसळतंय की!" तर म्हणाले, "वयनी, त्यो पावसाचा. ह्यो माजा."

माणूस दिसायला कसा, तर वाळवलेल्या बोंबलासारखा. उंच, काळा, नुसती हाडं. पण पांढरी हाफपँट आणि पांढरा शर्ट असा कडक की आमच्या ऑफिसर लोकांनी लाजावं. सरावलीला एका चाळीत त्यांची एकच खोली, नळ बाहेर, आणि त्या नळावर बाकी कामगारांच्या रांगेत उभं राहून ते स्वतःचे कपडे स्वतः धूत. बायकोला हात लावू देत नसत. रांगेत पुढे कोणाला घाई असली की त्याला पुढे सोडत. मागच्याला घाई असली की त्यालाही सोडत. असं करता करता पाणी जायचं. मग त्यांची बायको दारातून ओरडायची, "अवो, आपला नंबर कदी यायचा? का तितं पन हारायचाच हाय?" ती माकुणसार गावची. तोंडाने फटकळ, पण नवऱ्यावर जीव. मला एकदा म्हणाली, "हे हारून आले ना, का दोन भाकऱ्या जास्त खातात. मी पीठ आदीच मळून ठेवते."

हरायचं म्हणजे काय ते सांगते. मास्तर खरेखुरे व्यावसायिक खेळाडू होते. गंमत नाही. सत्तरच्या सुमाराला चार पावसाळे-उन्हाळे ते हा खेळ खेळून पोट भरत होते. कलकत्ता, मद्रास, आणि मग विमानाने थेट परदेश. तिकडच्या थंडगार लहानलहान गावांत स्पर्धा असत, तिथे जाऊन पहिल्या फेरीत हरायचं आणि पुढच्या गावची गाडी पकडायची. टीव्हीवर विलायतेतली मोठी स्पर्धा लागली की क्लबात आम्ही सगळे जमायचो. मास्तर मागे भिंतीला टेकून उभे. कोणीतरी पडद्यावर दिसला की हळूच म्हणायचे, "ह्यानं मला हरवला होता. बारका होता तवा. लय गोड पोरगा." आम्ही माना वळवून बघायचो तर हे खाली बघत.

त्यांना हरलेलाच सामना सांगायला आवडे. कुठे पाऊस आला, कुठे बूट फाटला, कुठे पंच झोपला, सगळं सांगत, आणि शेवटी समोरच्याची तारीफ. मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, कधी जिंकलात की नाही?"

"जिंकलो की."

"मग ते सांगा ना!"

"त्याच्यात काय सांगायचा, वयनी? समोरचा वायट खेळला. त्याची बदनामी कशाला?"

"बरं, जगात तुमचा नंबर कितवा होता?"

"होता."

"हो, पण कितवा?"

मास्तरांनी मान खाली घातली. "लय खाली. पन यादीत होता. माज्याखाली पन लोक होते."

हे 'माझ्याखाली पण लोक होते' त्यांनी अगदी हळू सांगितलं. परदेशातून येताना त्यांनी एक निळा कोट आणला होता, खिशावर कुठल्याशा गावाच्या क्लबाचं चिन्ह. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला ते तो कोट घालून येत. बोईसरच्या उकाड्यात! घामाच्या धारा लागत, पण बटण काढत नसत. कोणी 'या चँपियन' म्हणून चेष्टा केली की मात्र कोट काढून घडी करून हातावर घेत आणि मागच्या रांगेत जाऊन उभे राहत. ती चेष्टा कोण करायचं हे सांगायला नको. आमचे हेच.

शिकवायला मात्र देवमाणूस. बायकांची बॅच संध्याकाळी पाचला. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "तिन्हीसांजेला लोकांच्या सुना दिवा लावतात, आमची चेंडू बडवायला निघाली." मी ऐकून न ऐकल्यासारखं करून निघायची. खेळायच्या आधी मास्तर आम्हाला सगळ्या कोर्टभर अनवाणी चालायला लावत. खडा असला तर पायाला कळतो, डोळ्याला नाही कळत, असं त्यांचं म्हणणं. सहा-सात ऑफिसरांच्या बायका साड्या-ड्रेस सावरत, माना खाली घालून, मुरुमावर एकेक पाऊल टाकत चालल्यात हे बघून बाहेरच्या रस्त्याने जाणारे कामगार सायकलवरून उतरायचे. एकाने तर विचारलं, "मास्टरजी, मैडम लोगों का क्या खो गया?"

आणि मग खेळ. अहाहा! मी रॅकेट पुढे केली की चेंडू तिथे. जरा उशीर झाला तर चेंडूही जरा उशिरा. मला वाटायचं, काय माझी नजर, काय माझा हात! दोन महिन्यांत मी बॅकहँड मारायला लागले. चौथ्या महिन्यात आमचे हे जनरल मॅनेजरांना म्हणाले, "आपल्याकडे टॅलेंट आहे, सर." सगळी कॉलनी तशीच फुगलेली. अकाउंट्सचे एक साहेब तर हातात रॅकेट नसताना जिन्यावरसुद्धा सर्व्हिस टाकत जायचे.

तरी एक गोष्ट मला खटकली होती. पावसाळ्यात कोर्ट बंद असलं की क्लबात कॅरम चाले. मास्तरांबरोबर खेळायला लोक धडपडायचे, कारण मास्तरांचा डाव झाला की आपली सोंगटी नेमकी भोकाच्या तोंडाशी येऊन बसलेली असे. नुसती टिचकी मारायची. मी म्हटलं, "मास्तर, हे मुद्दाम करता ना?" त्यांचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांना चोर म्हटलं.

"मुद्दाम नाय, वयनी. आईची शपत. मी मुद्दाम कदी कोणापुडं हरलो नाय. मुद्दाम हरतो त्यो मार्कर. मी खेळाडू हाय."

मार्कर म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कळलं आमची मुंबईत फजिती झाल्यावर.

झालं असं, की मुंबईच्या एका जिमखान्यात कंपन्या-कंपन्यांच्या टेनिसच्या स्पर्धा होत्या. आमच्या फुगलेल्या मंडळींनी नावं दिली. आमचे हे आणि अकाउंट्सचे साहेब जोडीने, आणि बायकांत मी. मास्तर म्हणाले, "साहेब, पुडच्या वर्षी जाऊ." ह्यांनी ऐकलं नाही. मॅटॅडोर गाडी भरून आम्ही गेलो, मास्तरांनाही बरोबर घेतलं. डबे घेतले, हार घेतले. हो, जिंकल्यावर घालायला हार बरोबर घेऊन गेलो होतो, आता सांगतानाही कानशिलं तापतात.

ह्यांच्यासमोर आली दोन किरकोळ पोरं, कुठल्याशा बँकेतली. आमच्या लोकांनी रॅकेट पुढे केली आणि चेंडू तिथे आलाच नाही. तो गेला मागे. मागे धावले तर पुढे पडला. अकाउंट्सचे साहेब एका चेंडूसाठी पळाले ते थेट पंचाच्या खुर्चीवर आदळले. एकही गेम मिळाला नाही. माझी कथा वेगळी नाही. माझ्या बॅकहँडला चेंडू आला असता तर मी मारला असता! पण ती समोरची मुलगी मला चेंडू देतच नव्हती. मला भर कोर्टात रडू यायला लागलं. लोक हसत होते, आणि मला साधं कळेना की चेंडू असा परक्यासारखा का वागतोय.

परतताना वाटेत मनोरचा फाटा लागला. मनोरला चहाला उतरलो तेव्हा ह्यांनी मास्तरांना धरलं. "तुम्ही आम्हाला फसवलंत. इतके महिने सोपे चेंडू देऊन आमची मजा बघितलीत."

मास्तर बशी हातात घेऊन उभे होते. "सोपा नाय दिला, साहेब. तुमच्या हाताला दिला."

"म्हणजे तेच ना!"

"होय," मास्तर म्हणाले. "माफ करा."

घरी येऊन मी विचार केला तेव्हा लख्ख कळलं. आम्हाला वाटायचं आम्ही खेळतो. कुठलं काय! जाळीच्या पलीकडून मास्तर खेळायचे, आणि आमच्या बाजूनेही मास्तरच खेळायचे. आम्ही आपले रॅकेट धरून उभे. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती, आणि गंमत म्हणजे मास्तरांना आमच्याहून जास्त वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी सरावलीला त्यांच्या खोलीवर गेले. ह्यांच्या बोलण्याबद्दल काहीतरी बरं बोलावं म्हणून. तिथे बायकोने चहा टाकला आणि मास्तरांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं.

ते मूळचे एडवणचे. बाप लहानपणीच गेला. थोरल्या भावाने वाढवलं, त्याला ते दादा म्हणत. दादांची होडी. मास्तरांना होडीत बसलं की ओकारी. कोळ्याच्या घरातलं पोर आणि समुद्र लागतो! गावात कोण हसलं नसेल? शेवटी दादांनी त्यांना मुंबईला मामाकडे धाडलं. मामा एका जिमखान्यात माळी. तिथे हे साहेबांचे चेंडू उचलायला लागले आणि मिसरूड फुटायच्या आत मार्कर झाले. साहेबाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळायला जिमखान्याचा पगारी माणूस, तो मार्कर. साहेबाला घाम यायला हवा पण दम लागता कामा नये. साहेबाची रॅकेट असेल तिथे चेंडू जायला हवा. आणि शेवटचा पॉइंट साहेबाचा, म्हणजे साहेब शीळ घालत लिंबूसरबत प्यायला जाणार. हे कुठे लिहिलेलं नसतं, पण ज्याला हे जमत नाही तो पोरगा परत चेंडू उचलायला जातो.

"चांगला बॉल दिला का साहेब बोलायचे, शाब्बास छोकरा," मास्तर म्हणाले. "घरी मला शाब्बास कोन बोलणार? मी त्या शाब्बाससाठी जीव टाकायचो, वयनी. मग एका साहेबानंच मला मोठ्या खेळात घातला. मी चांगलाच खेळायचो. पुडं असायचो. पन समोरचा दमला, धापा टाकायला लागला, का माजा हात..."

"हात काय?"

"ऐकायचा नाय. मी कोपऱ्यात मारतो, बॉल त्याच्या रॅकेटवर. पुन्हा मारतो, पुन्हा रॅकेटवर. फॉरेनला लोक हसायचे. बोलायचे, हा हिंदुस्तानी पाव्हण्याला जेवायला वाडतो."

बायको चुलीपाशी बसली होती. तिने पदराने नाक पुसलं आणि उगाचच भांडी आपटली.

"आणि दादा?" मी विचारलं.

"दादा गावात सांगतो, माजा भाव साहेबांचे बॉल उचलतो. फॉरेनला गेलो तवा बोलला, तितं पन बॉलच उचलत असेल. त्यानं मला खेळताना बगितलाच नाय कदी." मग मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "एकदा, वयनी. एकदाच त्यानं मला जिंकताना बगावा. मग मेलो तरी चालेल." बायको ताडकन म्हणाली, "मराची भाषा नको." पण मास्तरांनी ते ऐकलं नाही.

हा योग आला त्यानंतर वर्षाने. कंपनीने मुरुमाच्या जागी सिमेंटचं पक्कं कोर्ट बांधलं. उद्घाटनाला मुंबईहून कंपनीचे एक डायरेक्टर येणार होते, आणि नाव ऐकून मास्तरांनी ते दोनदा विचारून घेतलं. मार्कर असताना ज्यांच्याशी ते रोज खेळत, तेच हे साहेब. जनरल मॅनेजरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दोघांचा एक सेट ठेवायचा, प्रेक्षणीय सामना! साहेब साठीच्या पुढचे, पोट सुटलेलं. मास्तर पंचेचाळीस-सेहेचाळीसचे आणि काटक. मास्तर मला शोधत क्लबाच्या ऑफिसात आले. मी तेव्हा लेडीज विंगची सेक्रेटरी.

"वयनी, त्या दिवशी दादाला बसायला एक खुर्ची मिळंल?"

खुर्च्या ऑफिसर आणि त्यांच्या कुटुंबांना असत. बाकीचे दोरीच्या पलीकडे उभे. मी म्हटलं, "एक काय, पहिल्या रांगेतली देते." आणि दिली. ह्यांच्या शेजारची. ह्यांनी डोळे वटारले तर मी उलटे वटारले.

दादा एडवणहून पहाटेची एसटी धरून आले होते. रापलेला, रुंद माणूस, पांढराशुभ्र शर्ट, डोक्यावर लाल टोपी. खुर्चीवर बसले ते हात मांडीवर ठेवून, देवळात बसल्यासारखे. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, ह्यात बॉल कोन उचलणार?" मी म्हटलं, "त्याला दोन पोरं ठेवलीत." "अस्सा," म्हणाले, आणि त्या पोरांकडे बघत राहिले.

सहा गेम आधी घेईल त्याचा सेट, फक्त दोनचं अंतर हवं. सामना सुरू झाला आणि आम्ही सगळे सावरून बसलो. हे मास्तर आम्ही कधी बघितलेच नव्हते. चेंडू जिथे रॅकेट नाही तिथे जात होता. साहेब डावीकडे, चेंडू उजवीकडे. साहेब मागे, चेंडू जाळीपाशी टपकन. साहेबांच्या पोटाला हिंदोळे बसायला लागले. एक-शून्य, दोन-शून्य, बघता बघता पाच-एक. दोरीपलीकडचे कामगार शिट्ट्या मारायला लागले. दादा गुण मोजत नव्हते, पण शिट्टी कधी वाजते ते त्यांना कळत होतं, आणि प्रत्येक शिट्टीला त्यांचा गुडघा हलत होता.

जनरल मॅनेजरांचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. घाम पुसायला खेळ थांबला तेव्हा त्यांनी आमच्या ह्यांना खुणावलं. हे पाण्याची बाटली घेऊन मास्तरांपाशी गेले आणि कानाशी म्हणाले, "जरा सांभाळून घ्या." मास्तर पाणी प्यायले नाहीत. आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "नाय साहेब. आज नाय." मला इतका आनंद झाला की काय सांगू.

पुढच्या गेमचा पहिलाच चेंडू मास्तरांनी रेषेवर असा मारला की चुना उडाला. साहेब जागेवरच थांबले. कमरेवर हात ठेवून धापा टाकत हसले आणि मनापासून, अगदी मनापासून ओरडले, "शाब्बास, छोकरा!"

साहेबांच्या मनात काही वाकडं नव्हतं हो. पण मी मास्तरांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं लहान पोरासारखं हसू आलं, आणि लगेच ते घाबरले.

पुढचा चेंडू साहेबांच्या फोरहँडला गेला. त्याच्या पुढचाही. साहेबांनी जागा सोडायची गरज उरली नाही, चेंडू हाताशी येत होता, ते फक्त लगावत होते. मास्तर दात खात होते. रॅकेट मांडीवर आपटत होते. कोपऱ्याकडे बघून मारत होते, तोंड कोपऱ्याकडे, खांदा कोपऱ्याकडे, आणि चेंडू साहेबांकडे. पाच-दोन, पाच-तीन. शिट्ट्या बंद पडल्या. जनरल मॅनेजरांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली, "बरं झालं सांगितलंत." त्या सगळ्या गर्दीत मला एकटीला माहीत होतं की हा माणूस जीव तोडून जिंकायला बघतोय. पाच-पाच झाले. मग सहा-पाच साहेबांचे, आणि मग सात.

टाळ्यांचा कडकडाट. शाल, नारळ, माईक. साहेबांनी मास्तरांच्या खांद्यावर हात टाकून भाषण केलं. "ह्याने मला तरुणपणी जिंकवलं आणि म्हातारपणीही जिंकवलं! मार्कर असावा तर असा!" सगळे हसले. मीही हसले, सगळे हसतात म्हणून.

मास्तरांनी माईक धरला. "साहेब, मी मुद्दाम नाय हरलो."

पुन्हा हशा. मागून कोणीतरी म्हणालं, "वा, काय विनय!"

"खरा सांगतो. मी जिंकायलाच खेळत होतो. मला जमला नाय."

आता हशा थोडा कमी. जनरल मॅनेजर 'बस बस' अशी खूण करायला लागले. मास्तरांच्या खांद्यावरून शाल घसरली होती. ते पहिल्या रांगेकडे बघून म्हणाले, "दादा, मी मुद्दाम नाय हरलो रे."

कोणीच हसलं नाही. कोणी बुटाकडे बघतंय, कोणी आकाशाकडे. अशी शरम, की धरणी पोटात घेईल तर बरं. जनरल मॅनेजर खाकरले आणि त्यांनी जाहीर केलं, "चहा तयार आहे."

सगळे सुटल्यासारखे चहाच्या टेबलांकडे पळाले. मी वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. मला वाटलं, गेला. भाऊ भरसभेत नाक कापून घेतो हे बघून माणूस थांबेल कशाला? मी गेटाकडे निघाले तेवढ्यात कोर्टावरून आवाज आला.

"ये. माज्याशी खेळ."

दादा जाळीपलीकडे, साहेब खेळले त्या जागी उभे होते. बाकावर पडलेली साहेबांची रॅकेट त्यांनी वल्ह्यासारखी दोन्ही हातांनी धरली होती. लाल टोपी तशीच.

मास्तर म्हणाले, "दादा, तुला येत नाय."

"तुला तरी कुटं येतंय? ये."

मास्तर गेले. बाकी सगळ्यांच्या हातात चहाचे कप होते, ते कप तसेच राहिले. मास्तरांनी चेंडू टाकला. दादांनी डोळे मिटून वल्हं फिरवलं आणि चेंडू खणकन लागला. जाळीवरून परत गेला. दादा दचकले. मास्तरांनी परत पाठवला. पुन्हा लागला. दादा खो खो हसायला लागले. डावीकडून फिरवली तर लागला, उजवीकडून फिरवली तर लागला. साठीला टेकलेला कोळी त्या नव्या कोर्टावर अनवाणी पायांनी उड्या मारत होता.

"अरे, ह्यात काय हाय?" ते ओरडले. "सोपा हाय! बॉल आपोआप येतो!"

"आपोआप नाय येत, दादा," मास्तर म्हणाले.

दादांचं हसणं थांबलं. ते मासे बघणाऱ्या माणसासारखे जरा वेळ चेंडूकडे बघत राहिले. मग मुद्दामच पार कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि चेंडू वेडावाकडा, रेषेच्या कितीतरी बाहेर मारला. मास्तर धावले, तारेच्या कुंपणापर्यंत धावले, आणि तिथून तो चेंडू उलटा येऊन दादांच्या रॅकेटच्या बरोब्बर मधोमध लागला. दादांनी तो वर उडाला तसा हातात झेलला.

"हा असा बॉल तू समद्यांना द्यायचास?"

"होय."

"फॉरेनला पन?"

मास्तर जाळीपाशी आले होते, मान खाली. "द्यायचा नव्हता, दादा. जायचा."

आमचे हे कप खाली ठेवायला जागा शोधत होते आणि त्यांना ती सापडत नव्हती. दादांनी चेंडू दोनदा हातात दाबून बघितला, आणि भावाने वर बघेपर्यंत थांबले.

"इतकी वर्सं परक्यांना वाटलास," ते म्हणाले. "आज मला दे." आणि त्यांनी चेंडू जाळीपलीकडे टाकला.